तत्त्वतः चालू आहे

सिल्वासात घरी नवा लॅपटॉप यायचा असला की पेढे आणण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्यावी लागते : ही बातमी लिनक्सकाकांच्या कानावर जाऊ द्यायची की नाही? ठरवून फारसा उपयोग होतो असं नाही. कुरिअरवाला गेटवर खोकं घेऊन उभा राहिला की आत काय आहे हे काका तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून नुसत्या आकारावरून ओळखतात आणि खाली येतात. अभिनंदन वगैरे करण्यात वेळ घालवत नाहीत. एक चप्पल पायात, दुसरी जिन्यात, अशा अवस्थेत थेट विचारतात, "कार्ड कुठलं?"

नवखा माणूस इथे फसतो. पैसे कुठल्या कार्डाने भरले असं विचारतायत समजून तो हप्त्यांचा हिशेब सांगायला लागतो. काका ऐकत नसतात. चष्मा कपाळावर ढकलून ते खोक्याच्या लेबलावरची मुंगीएवढी अक्षरं वाचत असतात. वाचून झाल्यावर एक सुस्कारा टाकतात. लॅपटॉपच्या मालकाचा चेहरा उतरतो.

"ग्राफिक्स कार्डं दोन आहेत," काका म्हणतात. "एक प्रोसेसरमधलं, एक वेगळं. म्हणजे बसावं लागेल."

हे 'बसावं लागेल' काका ज्या आनंदाने म्हणतात, त्या आनंदाने माणसं सहसा 'मुलगी झाली' असं सांगतात.

अशी माणसं आता वापी, तारापूर, सातपूर, चाकण, जिथे कारखाने आहेत तिथे एखाददुसरी सापडतेच. वय पन्नाशीच्या आगेमागे. शर्टाच्या खिशात पेन नसतं, पेन ड्राइव्ह असतात. आमच्या काकांच्या खिशातल्या प्रत्येक पेन ड्राइव्हवर डॉक्टरपट्टीचा तुकडा आहे आणि त्यावर बॉलपेनने लिनक्सच्या एकेका अवताराचं नाव आहे : 'उबुंटू', 'डेबियन', 'फेडोरा'. एकावर नुसतं 'नको' असं लिहिलंय. त्यात काय आहे ते कुणालाच माहीत नाही, पण काका तो घरी ठेवून कधी बाहेर पडत नाहीत.

काकांचं खरं नाव-आडनाव वीजबिलावर आहे, बाकी कुठे कुणी वापरत नाही. मूळचे नाशिककडचे. करसवलतींमुळे दादरा आणि नगर हवेलीत कारखान्यांची रीघ लागली होती, त्या दिवसांत डिप्लोमाची गुंडाळी हातात धरून ते वापी स्टेशनावर उतरले आणि पिपरियातल्या एका सुताच्या कारखान्यात चिकटले. पॉलिएस्टरच्या सपाट धाग्याला फुगीर करणारी लांबच लांब यंत्रं तिथे दिवसरात्र चालतात. काकांचा मुक्काम मात्र ईडीपीत, म्हणजे संगणक विभागात. बाकीच्या जगाने ईडीपी हे नाव टाकून दिलं. त्यांच्या कारखान्यात ते अजून दारावर निळ्या रंगात आहे. घरी मराठी, शेठशी गुजराती, कामगारांशी हिंदी आणि संगणकाशी इंग्रजी, असा त्यांचा दिवस चार भाषांत विभागलेला असतो. चिडले तर मात्र ते कुठल्याही भाषेत बोलत नाहीत, टाइप करतात.

त्या ईडीपीच्या कोपऱ्यात एक सर्व्हर आहे. त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स आहे. हजेरी, पगार, गोदामातल्या बॉबिनांचा हिशेब सगळं त्यावर चालतं आणि तो गेली कित्येक वर्षं निमूट चालू आहे. शेठना त्याचं नाव ठाऊक नाही. 'पेलो काळो डब्बो' एवढीच ओळख. मी काकांना एकदा विचारलं, "हा एवढा गुणी, आणि घरचा लॅपटॉप तुम्ही दर रविवारी उघडून बसता. असं का?"

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "याला ग्राफिक्स कार्ड लावलेलं नाही ना. याला तोंडच नाही. मग भांडण कशाचं?"

यात काकांच्या आयुष्याचं सार आलं. लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने 1991 साली लिहायला घेतला आणि सगळ्यांना वाचायला, दुरुस्त करायला उघडा ठेवला. डिस्क, कीबोर्ड, नेटवर्क यांना चालवणारे ड्रायव्हर बहुतेक या गाभ्यातच येतात. ग्राफिक्स कार्डाचं प्रकरण वेगळं. पडद्यावर चित्र काढणारी ही चिप आत नेमकं काय करते, हे ती बनवणाऱ्या कंपन्या वर्षानुवर्षं सांगत नसत. इंटेलने आपले ड्रायव्हर उघडे ठेवले. एएमडीने 2007पासून कार्डांची माहितीपत्रकं खुली करायला घेतली. एनव्हिडिया मात्र आपला ड्रायव्हर बंद पाकिटातच देत राहिली. 2012 साली फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठातल्या कार्यक्रमात कुणीतरी टोरवाल्ड्सला याबद्दल विचारलं, तेव्हा त्याने उत्तरादाखल कॅमेऱ्याकडे बघून मधलं बोट दाखवलं.

तो व्हिडिओ काकांनी जपून ठेवलाय. घरी आलेल्या पाहुण्यांना ते तो दाखवतातही, फक्त नेमक्या क्षणी तळहाताने स्क्रीन झाकतात, कारण पाहुण्यांत बहुधा आत्या असतात. मे 2022मध्ये एनव्हिडियाने कर्नलमध्ये बसणाऱ्या आपल्या भागाचा कोड खुला केला, त्या दिवशी काकांनी ईडीपीत समोसे वाटले. उरलेला ड्रायव्हर अजून बंदच आहे हे संध्याकाळी नीट वाचल्यावर कळलं, पण तोवर समोसे संपले होते.

काकांच्या बोलण्यात 'झालं' हे क्रियापद नाही. त्याच्या जागी 'तत्त्वतः' असतं. आवाज येत नाही, तर आवाज तत्त्वतः येतोय. प्रिंटर तत्त्वतः सापडलाय. सोसायटीच्या गणपतीत आरतीचे शब्द भिंतीवर दाखवायची कल्पना त्यांचीच. मुलांना आरत्या पाठ नसतात, वाचून तरी म्हणतील, हा हेतू. प्रोजेक्टर आला, पांढरी चादर बांधली, निरांजन पेटलं, आणि चादरीवर काही उमटेना. लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर आरती, चादरीवर काळोख. काकांनी गुडघ्यावर बसून सगळ्यांना समजावलं की या लॅपटॉपातला एचडीएमआयचा सॉकेट दुसऱ्या कार्डाला जोडलेला आहे, ते कार्ड अजून झोपलेलं आहे, आणि त्यामुळे चित्र तत्त्वतः चादरीवर पडलेलंच आहे. पुजाऱ्यांनी घंटा उचलली. लोकांनी आरती नेहमीप्रमाणे तोंडपाठ म्हटली आणि नेहमीप्रमाणे तिसऱ्या कडव्यात निम्मे लोक दुसऱ्याच आरतीत शिरले. मंत्रपुष्पांजलीच्या वेळी चादरीवर अचानक चित्र आलं : काकांच्या डाउनलोड फोल्डरची भलीमोठी यादी. लोकांनी तिलाही फुलं वाहिली.

काकूंचा या सगळ्याशी संबंध नाही. त्या डब्यांच्या ऑर्डरी घेतात, महिला मंडळाच्या भिशीचा हिशेब ठेवतात, आणि त्यासाठी त्यांचा स्वतःचा एक लॅपटॉप आहे. त्यात विंडोज आहे. झाकणावर रुंद पांढरी चिकटपट्टी लावून त्यांनी मार्करने लिहिलंय : 'हात लावू नये'. कुणी हात लावू नये हे लिहिलेलं नाही, कारण घरात माणसं दोनच. हा लॅपटॉप रोज सकाळी उघडतो आणि रोज रात्री मिटतो. काका त्याच्याकडे बघतही नाहीत. "काय मजा आहे त्यात?" म्हणतात.

गेल्या पावसाळ्यात समोरच्या फ्लॅटमधल्या मुलाचा नवा लॅपटॉप आला. मुलगा इंजिनिअरिंगला, त्याला मशीन लर्निंगच्या विषयासाठी लिनक्स हवं होतं आणि ग्राफिक्स कार्डही चालायला हवं होतं. म्हणजे योग जुळूनच आला होता. काकांना त्याने स्वतः बोलावलं. आपणहून बोलावणारा यजमान काकांना क्वचित मिळतो. त्या रविवारी ते दाढी करून आले.

बरोबर रेक्झिनची पिशवी. तिच्यात वायरचा माउस, टॉर्च, आणि जाड पुठ्ठ्याची वही. वहीचं नवं पान काढून काकांनी वर 'श्री' लिहिलं, खाली तारीख, मॉडेल नंबर आणि मग रकाना आखून 'लक्षणं'. लक्षणं अजून काहीच नव्हती. लॅपटॉप विंडोजमध्ये उत्तम चालत होता. काका म्हणाले, "येतील."

आधी विंडोजला बाजूला सरकवून डिस्कवर जागा काढली. मग लॅपटॉप पुन्हा सुरू करताना बायोसमध्ये शिरायचं होतं. त्यासाठी एफ-2 दाबायचं की एफ-10 की एफ-12 की डिलीट, हे प्रत्येक कंपनीचं निराळं. काका प्रश्नात शिरत नाहीत. सगळी बटणं एकदम दाबतात. आत गेल्यावर त्यांनी सिक्युअर बूट, म्हणजे सहीशिवाय कुणाला आत न घेणारा पहारा, बंद केलं आणि विंडोज अजून शाबूत आहे ना हे बघायला लॅपटॉप परत चालू केला. विंडोज शाबूत होतं, पण मालकाला ओळखेना. बायोसमध्ये कुणीतरी हात घातलाय असा संशय येऊन त्याने 48 आकडी रिकव्हरी की मागितली.

"अडतालीस?" मुलाची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"सहा-सहाच्या आठ गटांत असते, मासी," काका म्हणाले. जणू त्यामुळे आकडे कमी झाले.

ती की मुलाच्या ऑनलाइन खात्यात सापडली. मासींनी ती फोनवरून वाचायची आणि काकांनी भरायची असं ठरलं. मासी दोन-दोन आकडे जोडून गुजरातीत सांगायच्या, काका मनात त्याचं मराठी करून टाइप करायचे. 'ओगणपचास'ला गाडी अडली. तिथून पुढे सगळे एक-एक आकडा बोलू लागले आणि सिल्वासातल्या दोन भाषिक गटांत ऐक्य झालं.

विंडोज उघडल्यावर काकांनी विचार बदलला. "सिक्युअर बूट परत चालू करू. चोरवाटेने नको. सही करून राजरस्त्याने आत जाऊ." हे वाक्य त्यांनी वहीतही लिहिलं.

पेन ड्राइव्ह लावला. उबुंटूची यादी आली, एंटर दाबलं आणि पडदा काळा झाला. काळा म्हणजे ठार काळा. मुलाने आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे, मी पंख्याकडे.

काका खुशीत होते. वहीत 'लक्षणं'खाली त्यांनी लिहिलं : '1. काळोख'. मग लॅपटॉप बंद करून पुन्हा यादीपर्यंत आले, 'ई' दाबलं, आणि समोर आलेल्या ओळींतून 'क्वाएट स्प्लॅश'पर्यंत बोट नेऊन त्यापुढे हलकेच एक शब्द टाइप केला : 'नोमोडसेट'. म्हणजे कर्नलला सांगायचं, तू आत्ता कार्डाशी बोलायला जाऊ नकोस, आहे त्या साध्या चित्रावर भागव. एफ-10 दाबलं. चित्र आलं. बोराएवढ्या अक्षरांचं, कडेला कापलेलं, पण आलं. मासींनी नकळत हात जोडले. ड्रायव्हर बसेपर्यंतची ही तात्पुरती सोय आहे असं काकांनी सांगितलं, पण नमस्कार स्वीकारला.

लिनक्स बसलं. आता खरा ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवायचा, तर वायफाय सापडेना. त्याचा ड्रायव्हरही इंटरनेटवरूनच येणार होता. काकांनी शांतपणे स्वतःचा फोन केबलने लॅपटॉपला जोडला आणि फोनचं नेट आत सोडलं. बाहेर पाऊस. डाउनलोडची रेघ गोगलगाईच्या चालीने पुढे सरकू लागली. काकांना हेच हवं होतं. अशा वेळी ते व्याख्यान देतात, आणि त्या दिवशी श्रोत्यांत एक जादा माणूस होता : मराठी शाळेतून निवृत्त झालेले आमचे मास्तर. ते चहाला म्हणून आले होते.

"मास्तर," काका म्हणाले, "तुम्ही मुलांना आपल्या मुक्तिदिनाचा धडा शिकवलात. आता हा लॅपटॉप म्हणजे 1954 सालची परिस्थिती समजा. कर्नल म्हणजे भारत. हे कार्ड म्हणजे दादरा आणि नगर हवेली. चहूकडून भारताचा मुलूख, आत राज्य पोर्तुगीजांचं. दमणहून इथे यायचं तर आपल्याच हद्दीतून यायला हवं. कंपनी तेच म्हणते : आमची माणसं तुमच्या कर्नलमधून जाऊ द्या, पण त्यांच्या पेटीत काय आहे ते विचारू नका."

"पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं होतं," मास्तर म्हणाले. "1955मध्ये. आपल्या बाजूने सेटलवाड होते."

"आणि एप्रिल 1960मध्ये निकाल काय लागला?"

"खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि हत्यारं यांना ती नव्हती. आणि 1954 साली आपण वाट अडवली त्यात आपलं काही चुकलं नाही."

"सिक्युअर बूट म्हणजे तोच नाका!" काका उठून उभे राहिले. "पेटी उघडून दाखवत नसाल तर निदान सही दाखवा. आणि सही दाखवून आत आलात तरी कर्नल आपल्या वहीत तुमच्या नावापुढे शेरा मारून ठेवतो, 'टेंटेड'. बंद ड्रायव्हर आत आला की खरंच मारतो. उद्या काही बिघडलं तर तक्रार घेऊन आमच्याकडे येऊ नका म्हणून."

मास्तरांनी कप खाली ठेवला. चाळीस वर्षं वर्ग घेतलेला माणूस फळ्यावरची चूक सोडत नाही. "पण हा भाग काही वाटेच्या वादातून सुटला नाही. 22 जुलैला दादरा घेतलं, 28 जुलैला नरोली, 2 ऑगस्टला सिल्वासा. घेतलं कुणी? फौजेने नव्हे, स्वयंसेवकांनी. आझाद गोमंतक दलाची पोरं, पुण्या-मुंबईहून आलेली माणसं. सुधीर फडके होते त्यांत."

"तेच म्हणतोय! कार्डाच्या बाबतीतही स्वयंसेवकांनीच केलं. नूवो नावाचा ड्रायव्हर आहे. कंपनीने काही सांगितलं नाही, तर या लोकांनी कार्डाला काय पाठवलं की ते काय करतं, हे बाहेरून बघत बघत, नोंदी करत करत अख्खा ड्रायव्हर लिहिला. फुकट. आणि सिल्वासा घेतल्यावर पुढली सात वर्षं इथे राज्य कुणाचं होतं?"

"इथल्याच लोकांचं. वरिष्ठ पंचायत होती. 1961च्या ऑगस्टमध्ये विलीनीकरणाच्या करारावर सही करायला बदलानी नावाच्या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं इथलं प्रमुख केलं."

"सात वर्षं!" काकांचा आवाज चढला. "कुठल्या कंपनीचा परवाना नाही, कुणाचं लायसन्स नाही. आपलं गाव ओपन सोर्स होतं, मास्तर, ओपन सोर्स! लिनसच्या जन्माआधी!"

याच क्षणी लॅपटॉपवर निळा पडदा येऊन गेला.

झालं होतं असं : ड्रायव्हर उतरला, बसला, त्याच्या सहीसाठी एक पासवर्ड ठरवला गेला, लॅपटॉप पुन्हा सुरू झाला. त्या वेळी एक निळा पडदा येतो आणि विचारतो, ही नवी सही मान्य आहे का? असेल तर 10 सेकंदांत कुठलंही बटण दाबा. ते बटण काकांनी दाबायचं होतं, पण ते वरिष्ठ पंचायतीत होते. 10 सेकंदं गेली. नाक्यावर कुणी नाही असं समजून लॅपटॉप पुढे निघून गेला, ड्रायव्हर सहीविना बाहेर राहिला आणि पडद्यावर पुन्हा बोराएवढी अक्षरं आली.

काकांनी वहीत '2. भाषण' असं लिहिलं. एवढा प्रामाणिक केस पेपर मी दुसरा पाहिलेला नाही. सहीचं सगळं पहिल्यापासून केलं. या खेपेला निळा पडदा यायच्या आधीपासून तिघांची बोटं तीन बटणांवर होती आणि मास्तरांनी श्वास रोखून धरला होता. सही मान्य झाली. चित्र आलं, बारीक, रेखीव, काठोकाठ. काकांनी काळ्या खिडकीत एक आज्ञा दिली आणि चौकटीचौकटीचा तक्ता उमटला : कार्डाचं नाव, मेमरी, तापमान 41 अंश. सगळे त्या 41कडे बघत राहिले. मासींना ताप वाटला. काकांनी तो प्रकृतीचा उत्तम आकडा आहे असं सांगितलं.

"मग झालं ना, काका?" मुलाने विचारलं.

"तत्त्वतः," काका म्हणाले. "फक्त झाकण मिटू नकोस. मिटलंस तर झोपतो आणि उठत नाही. बाकी काही नाही."

मुलगा आता वसतिगृहात आहे. लॅपटॉप उघडाच छातीशी धरून तो वर्गातून वर्गात जातो असं मासी सांगतात. प्राध्यापकांना तो फार अभ्यासू वाटतो.

तरुण मंडळी काकांना हसतात, पण ही मंडळी सोप्या दिवसांत जन्माला आली. काकांच्या कपाटात 'लिनक्स फॉर यू' मासिकाचे जुने अंक आहेत, त्यांतल्या सीड्यांसकट. उबुंटूवाले 2011पर्यंत मागेल त्याला सीडी टपालाने फुकट पाठवत. ती पाकिटंही आहेत, तिकिटांसकट. त्या काळात पडद्याचं रिझोल्यूशन एका फाइलीत हाताने लिहावं लागे आणि आकडा चुकला की जुन्या मॉनिटरमधून किणकिण ऐकू येई. दोन कार्डांचे लॅपटॉप आले तेव्हा लिनक्सवर त्यांचा मेळ घालायला बंबलबी नावाचा प्रकल्प काही उत्साही लोकांनी सुरू केला. 2011 साली त्याच्या इन्स्टॉल करायच्या स्क्रिप्टमध्ये चुकून एक स्पेस जास्त पडली. ड्रायव्हरची एक जुनी फाइल पुसायची, त्याऐवजी त्या आज्ञेने 'यूएसआर' हे अख्खं फोल्डर पुसलं, म्हणजे संगणकातले जवळपास सगळे प्रोग्रॅम. ही गोष्ट काका कारखान्यात नव्याने लागलेल्या प्रत्येक ट्रेनीला पहिल्या दिवशी सांगतात. मोठ्या घराण्यातलं जुनं दुःख सांगावं तसा त्यांचा सूर असतो, आणि सांगून झाल्यावर ट्रेनीचा हात स्पेसबारवरून आपोआप उचलला जातो.

पैसे काका घेत नाहीत. चहा घेतात, पाऊस असला तर भजी घेतात. बाजारातला दुरुस्तीवाला काही बिघडलं की फॉरमॅट मारून मोकळा होतो आणि वर पैसे घेतो, हे त्यांना पटत नाही. त्यांच्या मते फॉरमॅट मारणं म्हणजे रोग समजून न घेता रोगी बदलणं. एकाच्या लॅपटॉपला कर्नलचं नवं अपडेट आलं आणि दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर नव्या कर्नलशी जुळेना, तर काका रात्री साडेदहाला बनियनवर येऊन बसले होते. यादीतून जुना कर्नल निवडून त्यांनी तो पाच मिनिटांत चालू करून दिला. पण पाच मिनिटांत निघतील तर ते काका कसले? मूळ कारण सापडेपर्यंत त्यांनी घर सोडलं नाही. घरातली माणसं झोपली, दार काकांनीच ओढून घेतलं.

अलीकडे मात्र काका थोडे अस्वस्थ आहेत. ड्रायव्हर सुधारत चाललेत. मागच्या महिन्यात आमलीतल्या एकाने नव्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायला त्यांना बोलावलं. मीही गेलो होतो. पेन ड्राइव्ह लावला आणि चित्र पहिल्याच फटक्यात आलं. वायफाय आलं, आवाज आला, दोन्ही कार्डं दिसली. झाकण मिटलं, उघडलं, तर जागं झालं. टीव्हीला जोडलं, टीव्हीवरही चित्र. काकांच्या वहीत 'श्री'खाली सगळं पान कोरं. यजमान खूश होऊन हात मिळवायला पुढे आला, पण काका पडद्याकडे संशयाने बघत बसले होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "काहीतरी चुकलंय. आपल्याला अजून सापडलेलं नाही, एवढंच." चहा न घेता निघाले. वाटेत किलवणी नाक्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग एकदम थांबून म्हणाले, "ब्लूटूथ बघायचं राहिलं!" आणि रिक्षा मागे वळवली.

तेव्हा माझं मत झालं ते असं. काकांना चालणारा लॅपटॉप नको असतो, चालू करायचा लॅपटॉप हवा असतो. पण जगाचं निम्मं काम याच हौसेवर चाललंय. नोव्हेंबर 2017पासून जगातल्या पहिल्या 500 महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. काकांना हसणारे लोक ज्या अँड्रॉइड फोनवर त्यांची टिंगल टाइप करतात, त्याच्या पोटातही लिनक्सचाच कर्नल आहे. आज कंपन्यांचे पगारी इंजिनिअर त्यावर राबतात हे खरं, पण त्याआधी कुठे ना कुठे, कुणाच्या तरी दिवाणखान्यात, कुणीतरी काळ्या पडद्यासमोर वही उघडून बसलं होतं म्हणून हे इथवर आलं.

म्हणून नवा लॅपटॉप घेणार असाल आणि त्यावर लिनक्स टाकायचा विचार असेल, तर चार गोष्टी सांगतो. घ्यायच्या आधी त्या मॉडेलवर लिनक्स कसं चालतं ते शोधून बघा. कामाच्या फायली दुसरीकडे उतरवून ठेवा. 48 आकड्यांची ती की कागदावर लिहून कपाटात ठेवा. आणि तुमच्या गावातल्या लिनक्सकाकांना बोलवायचं तर रविवारी दुपारी बोलवा. संध्याकाळी बोलावलंत तर रात्रीचं जेवण तुमच्याकडे आहे असं समजून चाला. निळा पडदा येईल तेव्हा मात्र त्यांना इतिहासाचं काही विचारू नका.